सळ्या घातलेला काँक्रीट रस्ता: कोणता आकडा हलवला की काय हलतं? नागपुरात नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

पहिल्या साइटवर गेलो तेव्हा माझी पक्की समजूत होती की काँक्रीटच्या रस्त्यात सळ्या आहेत म्हणजे घराच्या स्लॅबसारखंच त्या वजन पेलत असणार. एके दिवशी पॅनलमधून, म्हणजे दोन सांध्यांमधल्या काँक्रीटच्या तुकड्यातून, तपासणीसाठी कोर काढला. काँक्रीटच्या त्या दंडगोलात सळई अगदी बुडाला होती, काँक्रीटखाली अंथरलेल्या प्लास्टिकला चिकटलेली. काँक्रीट टाकताना जाळीखालच्या खुर्च्या (जाळी उचलून धरणारे आधार) मोडल्या होत्या आणि जाळी खाली बसली होती. मी सरांना म्हणालो, "चांगलंच झालं ना सर, ताण खालीच येतो." त्यांनी मला तिथेच कोरजवळ बसवलं आणि सगळं पहिल्यापासून समजावलं. तेव्हा जे कळलं आणि पुढच्या कामांत जे ठेचा खात शिकलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे. डिप्लोमा किंवा बी. ई. करून नुकतेच साइटवर आलेले, नाहीतर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट याच विषयावर घेतलेले, अशा सगळ्यांना याचा उपयोग व्हावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. या विषयात कुठलाच आकडा एकटा हलत नाही. एक सुधारायला गेलं की दुसरा बिघडतो. कोणता किती बिघडतो, हे हाताने करून पाहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

१. रस्ता कोणत्या जातीचा आहे, ते आधी ठरवा

काँक्रीट रस्त्याच्या तीन जाती लक्षात ठेवा. पहिला साधा सांध्यांचा रस्ता. यात साधारण ४.५ मीटरवर आडवा सांधा असतो आणि पॅनलमध्ये जाळी नसते. सांध्यात मात्र डावेल बार (वजन पलीकडच्या पॅनलवर नेणाऱ्या सळ्या) आणि टाय बार (शेजारची पॅनलं धरून ठेवणाऱ्या सळ्या) असतात. नागपुरात नजरेला पडणारे बहुतेक सिमेंट रस्ते याच जातीचे. दुसरा सांधे असलेला, पण आत जाळी घातलेला. यात पॅनल लांब असतं, १० ते १२ मीटर किंवा त्याहूनही जास्त. तिसरा सलग सळईचा. यात आडवे आकुंचन सांधे देतच नाहीत, रस्ता स्वतःच ठरावीक अंतरावर बारीक तडकतो आणि सळ्या त्या भेगा घट्ट धरून ठेवतात.

नवखे इथेच फसतात. डावेल बार दिसले की "हा आरसीसी रस्ता आहे" असं म्हणून मोकळे होतात. डावेल असले म्हणून रस्ता प्रबलित होत नाही. ड्रॉइंगमध्ये पॅनलच्या मधल्या भागाचा छेद बघा. तिथे सळई असेल तरच खालचा मुद्दा ७ आणि ८ तुमच्या कामाचा.

२. टेबलावर काय काय हवं

इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) मानकं: आयआरसी:५८-२०१५ (साध्या सांध्यांच्या रस्त्याचं डिझाइन), आयआरसी:१५ (बांधकाम), आयआरसी:४४ (मिक्स डिझाइन) आणि सलग सळईसाठी आयआरसी:११८-२०१५. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमधला ६०० क्रमांकाचा विभाग. जमिनीचा भिजवलेल्या नमुन्याचा सीबीआर (मातीची ताकद टक्क्यांत सांगणारी चाचणी) अहवाल, वाहनांच्या अॅक्सल लोडचा सर्व्हे, काँक्रीटच्या बीम टेस्टचे निकाल. क्यूबचे निकाल सगळे ठेवतात, बीमचे ठेवत नाहीत. रस्ता मात्र वाकून तुटतो, दबून तुटत नाही. म्हणून बीमचा आकडा मागून घ्या.

साधनांत एक स्प्रेडशीट, भेगेची रुंदी मोजायची पट्टी, काँक्रीटमध्ये खुपसायचा थर्मामीटर आणि चांगला टॉर्च. टॉर्च कशाला, ते शेवटी कळेल.

३. जमिनीपासून सुरुवात करा

आपल्याकडे काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिजल्यावर तिचा सीबीआर २ ते ३ टक्क्यांवर येऊन बसतो. आयआरसीच्या तक्त्यात सीबीआर २ ला जमिनीचा प्रतिक्रिया गुणांक, म्हणजे सगळे ज्याला "के व्हॅल्यू" म्हणतात तो, २१ मेगापास्कल प्रति मीटर आहे. सीबीआर ५ ला ४२ आणि १० ला ५५. वर १५० मिमीचा डीएलसी (कमी सिमेंटच्या कोरड्या काँक्रीटचा थर) टाकला की सीबीआर २ च्या जमिनीवरही प्रभावी के ९७ पर्यंत जातो.

हे पाहून नव्या माणसाला वाटतं, डीएलसी आहे ना, मग मातीची काळजी कशाला? के हा आकडा जमीन किती दाबली जाते ते सांगतो, ती किती फुगते ते सांगत नाही. काळी माती रस्त्याच्या कडेने पाणी पिते आणि कडेलाच आधी फुगते. म्हणून ती काढून चांगला मुरूम भरणं किंवा चुना देऊन स्थिर करणं, आणि पाणी निघून जायला निचऱ्याचा थर देणं, ही कामं के च्या गणितात दिसत नसली तरी वगळायची नाहीत. सीबीआरचा नमुना कुठून घेतला, हेही विचारा. सीताबर्डीच्या टेकडीजवळचा मुरूम आणि नाग नदीकाठची गाळमाती यांना एकच आकडा लावून चालणार नाही.

४. ट्रकचं वजन

इथे फार रेंगाळत नाही, पण एक सापळा सांगतो. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्राने अॅक्सलची कायदेशीर मर्यादा वाढवली. चार टायरच्या एकेरी अॅक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन, दुहेरीला १९ ऐवजी २१ टन. त्याआधीचा सर्व्हे कुणी हातात दिला तर तो जसाच्या तसा वापरू नका.

आणि थकव्याचं गणित एकदा डोळ्यांखालून घाला. ताण भागिले काँक्रीटची वाकण्यातली ताकद, हे गुणोत्तर ०.४५ च्या खाली असेल तर कितीही फेऱ्या चालतात. ०.५० ला सुमारे ७ लाख ६२ हजार फेऱ्या, ०.६० ला सुमारे ३१ हजार आणि ०.७० ला जेमतेम १,९००. ताण पाचव्या हिश्शाने वाढला आणि आयुष्य पंचविसाव्या हिश्शावर आलं. हा तक्ता पाहिल्यापासून मी "थोडासा जास्त ताण" असं म्हणणं सोडून दिलं.

५. तापमान आणि पॅनलची लांबी

नागपूरच्या रस्त्याला सगळ्यात जास्त छळतं ते हेच, म्हणून इथे जरा थांबू.

नवतपात दुपारी रस्त्याचा वरचा थर तापतो, तळ त्या मानाने थंड असतो. वरचा भाग पसरू पाहतो, पॅनल मधून फुगतं आणि तळाला ताण येतो. त्यात ट्रकचं चाक कडेवर आलं की दोन्ही ताणांची बेरीज होते आणि भेग खालून वर येते. पहाटे उलट घडतं. वरचा थर निवतो, कोपरे उचलले जातात, ट्रकची पुढची-मागची चाकं पॅनलच्या दोन टोकांना आली की भेग वरून खाली जाते. म्हणूनच आयआरसी:५८ मध्ये सकाळी १० ते दुपारी ४ आणि मध्यरात्री १२ ते पहाटे ६ अशा दोन वेळा वेगळ्या तपासतात.

आता आकडे घेऊ. २५० मिमी जाडीला आपल्या भागासाठी वरच्या-खालच्या तापमानातला फरक २०.३ अंश धरतात. काँक्रीटचा लवचिकता गुणांक ३०,००० मेगापास्कल, प्रसरण गुणांक दर अंशाला एक लाखांश. या तिघांच्या गुणाकाराचा निम्मा काढा: ३.०५ मेगापास्कल. याला ब्रॅडबरीच्या गुणकाने गुणायचं. तो गुणक पॅनलची लांबी भागिले "सापेक्ष ताठरतेची त्रिज्या" (खालच्या आधाराच्या मानाने पॅनल किती ताठ आहे, ते सांगणारी लांबी) यावर ठरतो. के १०० असेल तर ही त्रिज्या साधारण ७९५ मिमी येते.

४.५ मीटरचं पॅनल: गुणोत्तर ५.७, गुणक सुमारे ०.८५, ताण २.६ मेगापास्कल.
३.५ मीटरचं: गुणोत्तर ४.४, गुणक सुमारे ०.५५, ताण १.७.
६ मीटरचं: गुणोत्तर ७.५, गुणक सुमारे १.०५, ताण ३.२.

एम ४०, म्हणजे ४० मेगापास्कल दाब पेलणाऱ्या काँक्रीटची वाकण्यातली ताकद २८ दिवसांना साधारण ४.५ मेगापास्कल. म्हणजे ६ मीटरच्या पॅनलमध्ये ट्रक यायच्या आधीच नुसत्या उन्हाने दोन तृतीयांशाहून जास्त ताकद खाल्ली. सांधे कमी म्हणजे खर्च कमी, गाडीही छान पळते, असं सांगून लांबी वाढवायला लावणारे भेटतील. त्यांच्यापुढे या तीन ओळी ठेवा.

आता सगळ्यांना चकवणारी गोष्ट. लांबी ४.५ मीटरच ठेवा आणि खालचा आधार भक्कम करून के ३०० करा. त्रिज्या ६०४ मिमीवर येते, गुणोत्तर पुन्हा ७.५ आणि उन्हाचा ताण ३.२. म्हणजे आधार कडक केला, ट्रकचा ताण कमी झाला, पण उन्हाचा वाढला. कडक आधारावर पॅनलला वाकून जुळवून घ्यायला जागा उरत नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सूत्र चुकलं असं समजून तीन वेळा तपासलं होतं. सूत्र बरोबर होतं.

गिट्टीचाही इथे वाटा आहे. आपल्याकडची गिट्टी बहुतेक बेसॉल्टची, म्हणजे काळ्या दगडाची. ती क्वार्टझाइटपेक्षा कमी पसरते. प्रसरण गुणांक दहा टक्क्यांनी खाली आला तर उन्हाचा ताणही तेवढाच खाली येतो. प्रयोगशाळेचा निकाल हातात असल्याशिवाय हा फायदा हिशेबात मात्र धरू नका.

६. जाडी

जाडी वाढवली की ट्रकचा ताण झपाट्याने उतरतो, कारण तो ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतो. २५० वरून ३०० मिमीवर गेलात तर पाव हिश्शाहून जास्त उतरतो. मग सगळीकडे जाडच का करत नाहीत? पैसा तर लागतोच, पण शहरात त्याहून मोठी अडचण आहे. २५० चं काँक्रीट, खाली १५० चा डीएलसी, त्याखाली १५० चा निचरा थर, मिळून ५५० मिमी. जुना रस्ता न खोदता हे सगळं वर चढवलं तर रस्ता घरांच्या उंबऱ्याच्या वर जातो आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी घरात शिरतं. हे होऊ देणं मला अक्षम्य वाटतं. वस्तीतल्या रस्त्यावर आधी तयार रस्त्याची पातळी उंबऱ्याखाली पक्की करा आणि तिथून खाली मोजत खोदाईची खोली काढा.

७. जाळीच्या सळ्या: त्या कशासाठी असतात

आता त्या कोरकडे येतो.

पॅनल थंड झालं की दोन्ही टोकांकडून मध्याकडे आखडतं. खालचा थर घर्षणाने त्याला धरून ठेवतो. या ओढाताणीत पॅनल मधोमध फाटतं. सळई त्या फाटलेल्या भेगेचे दोन काठ एकमेकांना घट्ट धरून ठेवते, म्हणजे गिट्टीचे दाते एकमेकांत अडकून राहतात आणि चाकाचं वजन या काठावरून त्या काठावर जातं. बस, एवढंच तिचं काम. भेग ती थांबवत नाही.

हिशेबही सोपा आहे. १२ मीटरचं पॅनल, २५० मिमी जाडी, म्हणजे दर चौरस मीटरला ६ किलोन्यूटन वजन. घर्षण गुणांक १.५. सळईचा चालणारा ताण २०० मेगापास्कल. लांबी × घर्षण × वजन, भागिले सळईच्या ताणाची दुप्पट: दर मीटर रुंदीला २७० चौरस मिमी. १० मिमीची सळई सुमारे २९० मिमी अंतरावर. काँक्रीटच्या छेदाच्या तुलनेत हे जेमतेम ०.११ टक्के झालं. एवढ्याशा लोखंडाने ट्रक पेलला जात नाही, हे आता पटेल.

या सूत्रात काय हलवलं की काय हलतं ते पाहा. लांबी दुप्पट केली तर लोखंड दुप्पट. खालचं प्लास्टिक फाटलं, घर्षण वाढलं, तरी लोखंड वाढायला हवं. जाडी वाढवली तर वजन वाढलं म्हणून इथेही लोखंड वाढतं. जाड पॅनलला कमी सळई लागेल असं वाटणारे बरेच भेटतात, ते उलटं आहे.

सळई कुठे ठेवायची? पॅनलच्या मध्यावर किंवा जरा वर. बुडाला गेलेली सळई पृष्ठभागावरची भेग धरू शकत नाही, आणि वर उघडी राहिलेली भेग पाणी, माती पीत राहते. म्हणून काँक्रीट टाकण्याआधी स्वतः जाळीवर पाय देऊन पाहा. ती लचकली तर खुर्च्या कमी आहेत. माझ्या पहिल्या साइटवर कुणी एवढं जरी केलं असतं तरी ते पॅनल वाचलं असतं.

एक जुना दाखला सांगतो. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या आश्हो (तिथल्या राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) रोड टेस्टमध्ये सुमारे ४.६ मीटरची बिनजाळीची आणि सुमारे १२ मीटरची जाळीची, अशी दोन्ही पॅनलं ठेवून ट्रक फिरवले होते. दोन्हींत फार मोठा फरक निघाला नाही. लांबी आखूड ठेवली तर जाळी न घालताही भागतं, हे त्यातून दिसलं.

लांब पॅनलचं दुसरं दुखणं सांध्यात निघतं. तापमान ३० अंशांनी उतरलं तर १२ मीटरच्या पॅनलचा सांधा घर्षण न धरता ३.६ मिमी उघडतो, ४.५ मीटरचा १.३५ मिमी. साधारण १ मिमीच्या पुढे गिट्टीच्या दात्यांवर भरवसा नाही. तिथे डावेल हवेतच.

८. सलग सळईचा रस्ता

इथे लोखंडाचं प्रमाण एकदम वर जातं, साधारण ०.६ ते ०.८५ टक्के. वरच्याच २५० मिमीच्या पॅनलला ०.७ टक्के धरलं तर दर मीटरला १,७५० चौरस मिमी, म्हणजे १६ मिमीची सळई ११५ मिमीवर. जाळीच्या रस्त्याच्या साडेसहापट.

भेगा पडणारच असतात, त्या कुठे आणि किती रुंद पडाव्यात हे आपण ठरवतो. १९९३ च्या आश्टो (आश्होचंच नंतरचं नाव) मार्गदर्शिकेत भेगांमधलं अंतर सुमारे १.०७ ते २.४ मीटर आणि रुंदी १ मिमीच्या आत ठेवायला सांगितलं आहे. लोखंड वाढवलं की भेगा जवळ येतात आणि बारीक होतात. लोखंड तेवढंच ठेवून बारीक व्यासाच्या सळ्या घेतल्या तरी तसंच होतं, कारण काँक्रीटला चिकटणारा पृष्ठभाग वाढतो. काँक्रीट जास्त ताकदीचं केलं की भेगा लांब लांब पडतात आणि रुंद होतात. म्हणून आरएमसीवाला (तयार काँक्रीट पुरवणारा) "साहेब, एम ४० ऐवजी एम ५० देतो, त्याच भावात" म्हणाला तर लगेच खूश होऊ नका, सळईचा हिशेब पुन्हा करा.

भेगा फार जवळ आल्या तर वेगळाच धोका. दोन भेगांच्या मधली अरुंद पट्टी कडेजवळ उभी तडकते, खालचा आधार धुपला असेल तर चाकाखाली तुकडा दाबला जाऊन खाली जातो. या रस्त्याचं हे खास दुखणं. त्यामुळे खालच्या थराची धूप थांबवणं इथे जाडीइतकंच महत्त्वाचं. निसरडं प्लास्टिक बऱ्याच ठिकाणी टाळतात आणि डांबरी थर देतात, म्हणजे भेगा सारख्या अंतरावर पडतात. आणि सळ्यांचे जोड एका रेषेत येऊ देऊ नका. तसे आले की ती रेषाच कमकुवत होते.

९. सांधा कापायची वेळ

डिझाइन कितीही छान असो, कटर उशिरा आला की गेलं. एप्रिलमधली गोष्ट. दुपारी ३ ला काँक्रीट टाकलं, संध्याकाळी ब्लेड तुटलं, दुसरं यायला रात्र उलटली. पहाटे गोणपाट उचलले तर पाणी सगळीकडे वाळलं होतं, पण एका पॅनलवर सांध्यापासून सव्वा मीटरवर केसाएवढी ओली काळी रेघ आडवी गेलेली. भेगेतलं पाणी शेवटी वाळतं, म्हणून भेग अशी दिसते. मी तिच्यावरून नख फिरवलं, नखाला काही लागलंही नाही. दोन पावसाळ्यांनंतर तिचे काठ उडाले होते.

म्हणून: कटर दोन, ब्लेड चार, साइटवरच. उन्हाळ्यात काँक्रीट टाकल्यावर काही तासांतच, कडेची गिट्टी न उपटता कापता येईल तेव्हा लगेच, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत कापायचं. काँक्रीट ओतताना त्याचं तापमान ३० अंशांच्या वर नको. मेमध्ये याचा अर्थ रात्रीचं काम आणि बर्फाचं पाणी. मिक्समध्ये कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची फ्लाय अॅश (राख) असेल तर ताकद जरा सावकाश येते, कापायची वेळ पुढे सरकते. वेळ घड्याळावर ठरवू नका, हाताने पृष्ठभाग तपासा.

डावेल गुळगुळीत असतो आणि सरकायला हवा. टाय बार खाचांचा असतो आणि धरून ठेवायला हवा. डावेल तिरका बसला की सांधा जाम होतो आणि भेग दुसरीकडे पडते. अदलाबदल झालेलीही मी पाहिली आहे.

१०. आता स्वतःची स्प्रेडशीट करा

एक मूळ केस ठेवा: जाडी २५०, लांबी ४.५ मीटर, के १००, एम ४०. मग एका वेळी एकच आकडा हलवा, बाकी गोठवून. जाडी २०० ते ३००, लांबी ३.५ ते ६, के ५० ते ३००, तापमान फरक १५ ते २१. प्रत्येक ओळीत ट्रकचा ताण, उन्हाचा ताण आणि बेरीज अशा तीन वेगळ्या रकान्यांत लिहा. नुसती बेरीज लिहिली तर के चा तो उलटा परिणाम दिसतच नाही. हे झाल्यावर दोन-दोन आकडे एकत्र हलवा. के आणि लांबी ही जोडी आधी घ्या, तिच्यातूनच सगळ्यात जास्त कळतं.

तयार सॉफ्टवेअर आधी उघडू नका. पहिल्या दहा ओळी हाताने सोडवा.

११. पहाटे जाऊन बघा

थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, पहाटे ५ ला एखाद्या जुन्या सिमेंट रस्त्यावर कमी रहदारीच्या जागी जा. आधी परवानगी घ्या, चमकणारं जॅकेट घाला, सोबत कुणीतरी गाड्यांवर नजर ठेवणारं हवं. टॉर्च रस्त्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. कोपरे किती उचलले आहेत ते सावलीत दिसतं. एका भेगेजवळ खडूने खूण करून पट्टीने रुंदी मोजा. त्याच भेगेवर दुपारी २ ला परत या. पहाटे पट्टीवरची ०.५ मिमीची रेघ जुळली होती तिथे दुपारी ०.२ ची जुळेल किंवा भेग मिटलेलीच असेल. दोन्ही आकडे वेळेसह आणि हवेच्या तापमानासह वहीत लिहा, मेमध्ये तीच भेग पुन्हा मोजा, आणि तुमच्या स्प्रेडशीटमधल्या सांधा उघडण्याच्या रकान्याशेजारी ते आकडे टाका.